शांत झाले

“हॅलो, खडकवस्तीची गिरणी का? मी शुश्रूषा केंद्रातून बोलतेय, साताऱ्याहून. महिपती कुंभारांच्या घरी निरोप द्यायचा होता.”

पलीकडं पिठाच्या गिरणीची घरघर चाललेली. “ए, बंद कर रं जरा!” असं कुणीतरी ओरडलं. पट्टा थांबला आणि गिरणीवाल्या अण्णांचा आवाज आला.

“हां, बोला बाई. महिपाचं काय?”

“शांत झाले हो ते. आत्ता, तासाभरापूर्वी.”

“आँ?”

“शांत झाले म्हटलं. रात्रभर नुसते तळमळत होते, बघवत नव्हतं. सकाळी औषध दिलं आणि अर्ध्या तासात एकदम शांत. सुटले एकदाचे त्रासातून.”

 अण्णा म्हणाले, “लई सोसलं गड्यानं.”

“हो ना. आता बघा येऊन, चेहऱ्यावर कसं समाधान आहे. हौसाबाईंना लगेच पाठवा. सारखं त्यांचंच नाव होतं तोंडात.”

“सांगतो घरी. मंडळी घिऊन येत्याली.”

“या म्हणावं. सगळे या.”

मी रिसीव्हर ठेवला आणि खरं सांगते, गाणं गुणगुणत वॉर्डात गेले. इतका आनंद झाला होता मला.

त्या केंद्रात मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याआधी दोन वर्षं मी एका प्रसूतिगृहात होते. तिथं फोन करायचा म्हणजे पेढ्यांचीच बात. ‘मोकळी झाली, सुटली एकदाची, दोघंही सुखरूप’ हे मी झोपेतसुद्धा बोलले असते. तिथल्या डॉक्टरीणबाईंशी माझं वाजलं. मी डोक्यात राख घालून राजीनामा फेकला आणि आठ दिवसांत या माळावरच्या केंद्रात नोकरी धरली. इथं राहायला खोली मिळत होती, एवढंच मी बघितलं होतं. इथली माणसं बरी होऊन घरी जात नाहीत हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं.

महिपती कुंभार हा माझा पहिला पेशंट. साठीचा, उंच, हाडं मोठी आणि त्याच हाडांत आजार पसरलेला. कूस बदलताना असा ओरडायचा की बाकीच्या खोल्यांतले पेशंट गप्प व्हायचे. बायको हौसाबाई उशाशी असायची. मूलबाळ नाही, ही दोघंच एकमेकांना. पंधरा दिवस ती हलली नाही. मग पौष उजाडला आणि महिपतीच तिला म्हणाला, “जा, आवा लावून ये. संक्रांत आली. गावच्या सवाष्णी सुगडाबिगर बसायच्या का?” संक्रांतीच्या वाणाची ती छोटी मातीची सुगडी त्यांच्याच आव्यात, कुंभाराच्या भट्टीत, भाजून गावभर जायची. तिनं हो-ना केलं. तो चिडला. शेवटी ती तीन दिवसांत येते म्हणून गेली. आज पाचवा दिवस होता.

पाच दिवस तो माणूस एकच विचारत होता. “हौसा आली का, पोरी?” मला तो पोरीच म्हणायचा.

त्या सकाळी आमच्या मुख्य सिस्टरनी, रूथबाई साळवेंनी, डॉक्टरांशी बोलून मॉर्फिनचा डोस वाढवला. तो मी माझ्या हातानं त्याला पाजला. अर्ध्या तासात त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला म्हणाला, “पोरी, फोन लाव गावाला. सांग, जिवाला बरं वाटतंय. आता ये म्हणावं तिला. लई येळ न्हाई माझ्यापाशी.” तेव्हा कुठं मी फोनकडं धावले होते.

फोन करून आले तर त्यानं विचारलं, “काय म्हनले?”

“निघतायत. सगळेच येतायत.”

“हौसा?”

“त्याच पुढं असतील बघा.”

तो हसला. मग म्हणाला, “आभाळ आलंय व्हय गं?”

बाहेर लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, “थंडीचे दिवस आहेत, अंधारून येतं,” आणि त्याची चादर नीट करून पुढच्या पेशंटकडं गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला आवारात टेम्पो शिरला. मी व्हरांड्यात बेडपॅन विसळत होते. आधी आवाज आला. बायकांचा एकदम उठलेला आकांत, आणि त्यातून एक आवाज वर:

“मला कुनाच्या हवाली केलंसा वो धनी! पानी बी पाजलं न्हाई वो म्या तुम्हास्नी! सुगडी भाजीत बसली ही करंटी, धनी वो!”

टेम्पोच्या हौद्यात पेंढा पसरला होता. त्यावर पांढऱ्या कापडाचं नवं ठाण, झेंडूचा हार, पुड्यात गुलाल. पुढून एक पोरगेलासा माणूस उतरला, महिपतीचा पुतण्या शंकर. थेट माझ्याकडं आला.

“सिस्टर, बॉडी कुठं ठिवलीय?”

“कुणाची?”

“काकांची. महिपती कुंभार. तुमीच केलता न्हवं फोन?”

माझ्या हातातलं बेडपॅन खाली पडलं. शांत झाले. सुटले. समाधान. एकेक शब्द परत कानात वाजायला लागला. अगं बाई, काय करून बसले मी हे!

आता नव्या मुली कामाला येतात तेव्हा विचारतात, ‘सिस्टर, इथं काम करायचं तर आधी काय काय यायला लागतं?’ मी त्यांना सलाईन, डोस काही विचारत नाही. टेबलावरचा फोन पुढं सरकवते आणि म्हणते, घरच्यांना सांग बघू, पेशंटचं दुखणं थांबलंय. दहातल्या नऊ जणी मी बोलले तेच बोलतात.

तर त्या दुपारी मी व्हरांड्यातून खाली उडी मारली आणि टेम्पोपाशी जाऊन ओरडले, “अहो, आहेत ते! जिवंत आहेत! आत आहेत, बोलतायत!”

रडणं एकदम थांबलं. कुणाला खरंच वाटेना. मग हौद्यातून एक उंच, हडकुळी म्हातारी उतरली. महिपतीची थोरली बहीण, ठकूआक्का. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं.

“काय म्हनलीस?”

“दुखायचं थांबलं, असं सांगायचं होतं मला. झोप लागली, शांत झाले, असं...”

“शांत झाले म्हंजी काय गं भवाने? तुझ्या आईबापानं शिकवलं न्हाई तुला?”

मी मान खाली घातली. तेवढ्यात माझं लक्ष हौसाबाईकडं गेलं. पेंढ्यातच बसली होती. कपाळ कोरं, कुंकू पुसताना बोटं कपाळभर फिरलेली, त्याचा लाल राप अजून केसांच्या कडेला होता. दोन्ही हात उघडे. मनगटांवर रक्त वाळलं होतं. गिरणीवाल्या अण्णांनी दारात येऊन सांगितलं तेव्हा ही आव्यातून सुगडी काढत होती. तिथल्याच दगडावर तिनं दोन्ही हात आपटले. हिरव्या काचा मनगटात तशाच घुसलेल्या.

“हैत?” ती मला म्हणाली. “माझं धनी हैत?”

“आहेत. चला आत. तुमचीच वाट बघतायत.”

ती उठली, दोन पावलं टाकली आणि थांबली. स्वतःच्या हातांकडं बघत उभी राहिली. मग पदर कपाळावर ओढून मागं फिरली.

“मी न्हाई येत.”

“अहो, असं काय करता?”

“हे कपाळ घिऊन त्येंच्या म्होरं कशी जाऊ? जित्त्या नवऱ्याचं कुकू पुसून आली म्या. त्येंनी बघितलं तर जागीच पराण जाईल त्येंचा.”

“मग लावा कुंकू! मी देते आणून.”

“पुसल्यालं कुकू पुन्हा लावत न्हाईत,” ठकूआक्का मधे पडली. “आदीच इपरीत झालंय. त्यात आनि भर घालू नगा.”

“नवरा जिवंत आहे तिचा! कुठल्या शास्त्रात लिहिलंय?”

“तू आमाला शास्तर शिकवू नगंस. तुझं शास्तर फोनवर दिसलं.”

असे सगळे आवारात, मोठमोठ्यानं, पाच नंबरच्या खोलीच्या खिडकीखाली भांडत होतो. पाच नंबर म्हणजे महिपतीचीच खोली. खिडकी उघडी होती. त्याला ऊन लागावं म्हणून सकाळी मीच उघडली होती.

एकदम आठवण होऊन मी आत पळाले. तो डोळे उघडे ठेवून पडला होता.

“कोन रडतंय गं, पोरी?”

“तीन नंबरच्या बाई होत्या ना, त्या गेल्या. त्यांची माणसं आलीत.”

“बरं,” तो म्हणाला. थोड्या वेळानं, “हौसा?”

“वाटेत आहेत. एवढ्यात येतील.”

“लवकर ये म्हणावं.”

त्याचे पाय गार लागत होते. हे काय चाललंय ते तेवढं मला कळत होतं. तीन आठवड्यांत तेवढं शिकले होते. संध्याकाळ की उद्याची सकाळ, एवढाच प्रश्न होता. आणि त्याची बायको वीस पावलांवर, पदर ओढून बसलेली.

मी चिमटा, कापूस, बँडेज घेऊन परत बाहेर गेले. हौसाबाईला व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या मनगटातल्या काचा काढायला लागले. हिरव्या, तांदळाएवढ्या. ती हूं की चूं करत नव्हती. डाव्या मनगटाला जास्त लागलं होतं, त्याला जाड पट्टी बांधली.

“बांगड्या आणल्या तर याल आत?” मी विचारलं.

ती बघतच राहिली. “हिरव्या?”

“हिरव्या. आणि कुंकू. माप काय तुमचं?”

“अडीच.” मग हळूच, “आक्का भरू द्यायची न्हाई.”

“आक्काला मी बघते. तुम्ही इथनं हलू नका.”

वॉर्डातल्या मावशीला महिपतीपाशी बसवलं आणि कुणाचीतरी लुना काढून मी साताऱ्याच्या बाजारात गेले. माझ्या हातून बिघडलंय ना, मग माझ्याच हातानं नीट करणार, असा माझा हट्ट. रूथबाई त्या वेळी बायकांच्या वॉर्डात होत्या. त्यांना विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर फोनचंही सांगावं लागलं असतं, आणि तेवढा धीर मला नव्हता.

संक्रांतीचा बाजार! कासाराच्या दुकानापुढं बायकांची ही झुंबड. प्रत्येकीचा हात पुढं, प्रत्येकीला आधी हवं. मी घुसायला लागले तर एकजण म्हणाली, “ओ बाई, आम्ही काय इथं हात दाखवायला उभ्या आहोत?” मी म्हटलं पेशंटसाठी हवंय. ती म्हणाली, “पेशंटला बांगड्या?” आणि सगळ्या हसल्या. कासारानं अडीचचा डझन शोधून देईस्तोवर पाऊण तास गेला. वर त्यानं विचारलंच, “कुणाला भरायच्या? हात आणलाय का? हाताशिवाय द्यायचो नाही मी, पिचल्या तर माझं नाव.” त्याच्याशीही भांडले. बांगड्या छातीशी धरून परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते.

व्हरांड्यात रूथबाई उभ्या होत्या. आवाज न चढवता बोलायची त्यांची पद्धत. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

“कुठं गेली होतीस?”

मी पुडा दाखवला. रडत रडत सगळं सांगितलं, अगदी फोनपासून. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

“ही बाई दोन तास पायरीवर बसून आहे,” त्या म्हणाल्या. “मी हाताला धरून नेत होते, आली नाही. म्हणते, सिस्टर बांगड्या आणायला गेल्यात.”

“त्यांनी तिला तसं बघितलं असतं तर...”

“बघितलं असतं?” रूथबाई माझ्याकडं बघत राहिल्या. “नलिनी, त्याला सकाळपासून दिसत नाहीये. तुला कळलं नाही?”

आभाळ आलंय व्हय गं. बाहेर लख्ख ऊन. मी तिथंच पायरीवर बसले.

“नजर आधी जाते,” त्या म्हणाल्या. “कान शेवटपर्यंत राहतात. तिला नुसतं आत सोडून ‘अवं’ म्हणायला लावलं असतंस तरी पुरे होतं. ऊठ आता. आणल्यास तर भर.”

“पण आता कशाला?”

“तिच्यासाठी.”

ठकूआक्का टेम्पोपाशी बसली होती, तिकडून बघत होती. जिवंत माणसाला रडून आल्यावर त्याच्यापुढं कसं जायचं, म्हणून आत कुणीच गेलं नव्हतं. रूथबाई जाऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिच्याशी काहीतरी बोलत राहिल्या. तेवढ्यात मी हौसाबाईच्या हाताला साबण लावला आणि बांगड्या चढवल्या. उजव्या हातात सहा गेल्या. डाव्यात पट्टीमुळं चारच बसल्या, एक पिचली. कुंकू तिनं स्वतः लावलं. आरसा नव्हता, म्हणून टिळा वाकडा आला. मी पुसून नीट करायला गेले तर तिनं माझा हात धरला. “ऱ्हाऊ द्या. पुसू नगा.”

आम्ही आत गेलो. ती कॉटपाशी टेकली. मी पायाशी उभी राहिले, निघून जायचं मला सुचलं नाही.

“अवं.”

त्यानं मान वळवली, पण आवाजाच्या जरा अलीकडं. तेव्हा मलाही दिसलं की त्याला दिसत नाही.

“आलीस?”

“आले.”

“सुगडी?”

“भाजली. धा-बारा तडकली.”

“जाळ जादा दिलास.” तो दम खाऊन थांबला. “वाटली का समदीकडं?”

“जाऊबाई वाटत्याली.”

त्यानं चाचपडत तिचा हात शोधला. बोटं बांगड्यांवरून फिरवली. मातीचं भांडं वाळलं की नाही ते बघताना फिरवावीत तशी, हळू. मग बोटं पट्टीवर आली आणि थांबली.

“नव्या हायत.”

“संक्रांत न्हाई का.”

“आनि जुन्या?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, काहीतरी रचून सांगायला. पण त्याआधी तोच बोलला.

“पोरी, हैस न्हवं हितंच?”

“आहे.”

“तीन नंबरची बाई मेली म्हनलीस. बाईला ‘धनी’ म्हनून रडत्यात व्हय गं?”

त्यानं सगळं ऐकलं होतं. तिचा आकांत, बॉडी कुठं ठेवलीय, कुंकू लावायचं की नाही, सगळं. आणि मी आत जाऊन त्याला थापा मारल्या, त्याही त्यानं ऐकून घेतल्या. दोन तास तो ती दारातून यायची वाट बघत पडला होता, बाहेरचा शब्द न् शब्द ऐकत.

“चुकले हो मी,” मी म्हणाले. “माझ्या फोनमुळं झालं सगळं.”

“ऱ्हाऊ दे.” तो बायकोकडं वळला. “लई रडलीस गं. माझी आई गेली तवा बी येवढं कुनी रडलं न्हवतं.”

“गप ऱ्हावा वो.”

“ऐक. मला बोलू दे, जमतंय तवर. माझ्यापायी एकदा फोडल्यास. झालं ते. ह्या न्हाई फोडायच्या.”

“काय बोलताय?”

“एका दादल्यापायी एकदाच फोडत्यात. तुझं करून झालंय समदं. उद्या म्या गेलो तर हात म्होरं करायचा न्हाई. हिरव्या बांगड्यांची हौस तुला, नावच तसलं. कुकू बी ऱ्हाऊ दे.”

“आक्का जिती ठिवायच्या न्हाईत मला.”

“आक्काला सांगायला ही पोरगी हाय की. तिनं ऐकलंय.” त्यानं मान माझ्या दिशेला केली. “सांगशील न्हवं?”

“सांगेन,” मी म्हणाले. “शब्द देते तुम्हाला.”

“बरं,” तो म्हणाला. त्यानंतर तो फारसं काही बोलला नाही. ती त्याला गावातली खबर सांगत बसली. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला बघायला आलेत. मधेच तो हुंकार द्यायचा. रात्री आक्का आणि शंकर आत येऊन गेले तेव्हा तोही थांबला होता.

सकाळी साडेसातला तो गेला. हौसाबाईच्या हातून चमचाभर पाणी प्यायला, एक श्वास लांब घेतला, पुढचा आला नाही. ती रडली नाही. त्याचे डोळे तिनंच मिटले. रूथबाईंनी मला सांगितलं, फोन मी करते, तू हात लावू नकोस. मंडळी तशीही आवारातच होती.

त्याला पांढऱ्या कापडात घेऊन व्हरांड्यात ठेवलं. आदल्या दिवशीचा झेंडूचा हार सुकला होता, तोच घातला. बायका भोवती बसल्या. ठकूआक्का आवारातून एक दगड घेऊन आली आणि हौसाबाईसमोर बसली.

“आन हात.”

हौसाबाईनं हात पदराखाली घेतले. “त्येंनी न्हाई म्हनून सांगितलंय, आक्का.”

“काय न्हाई?”

“फोडायच्या न्हाईत. एकदा फोडल्यास त्ये झालं, म्हनले.”

बायकांत कुजबुज झाली. आक्काच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला आठवतं. ती रात्रभर रडून रडून सुजली होती. तिचा धाकटा भाऊ गेला होता.

“हौसे, तुला जे वाटतंय त्येच तुला ऐकू आलं. मरताना मानूस असलं बोलत आसतं व्हय? गावात काय सांगू मी? दादला गेला आन ही बांगड्या वाजवीत आली?”

हौसाबाईनं वळून माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी पुढं झाले. “खरं आहे, आक्का. मी तिथंच होते. मी माझ्या कानांनी ऐकलं. कुंकू राहू दे, बांगड्या फोडायच्या नाहीत, असं ते स्पष्ट म्हणाले. तुम्हाला सांगायचं म्हणून मला त्यांनी...”

“तू ऐकलंस?”

“हो. शपथ घेते हवी तर.”

ठकूआक्कानं हातातला दगड खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाई, काल तू म्हनलीस म्हनून आमी माझा भाऊ मेला म्हनून रडलो. तू म्हनलीस म्हनून हिनं हात फोडून घेतलं. मग तूच म्हनलीस, जित्ता हाय. आता म्हनतीस, त्यो असं बोलला. कंचं खरं मानू? तुझ्या सबदावर किती डाव ह्या बाईचं कपाळ पुसायचं आन रंगवायचं?”

मी शंकरकडं बघितलं. तो खाली बघत होता. रूथबाई व्हरांड्याच्या खांबापाशी होत्या, पण त्या वेळी त्या खोलीत नव्हत्या, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. हौसाबाई सोडली तर एवढ्या माणसांत त्याचं बोलणं ऐकलेली मी एकटी. मी पुन्हा बोलले, मोठ्यानं बोलले, शेवटी रडत बोलले. काय काय म्हणाले ते आता आठवत नाही. बायका माझ्याकडं बघत होत्या, कीव येऊन.

“ऱ्हाऊ द्या, सिस्टर,” हौसाबाई म्हणाली.

तिनं पदरातून दोन्ही हात बाहेर काढले आणि आक्काच्या मांडीवर ठेवले. आक्कानं उजवा हात आधी घेतला. सहाच्या सहा गेल्या. मग तिनं डावा हात दगडावर टेकवला.

“पट्टी आहे तिथं,” मी म्हणाले. “खाली जखम आहे. तिथल्या तेवढ्या जपून फोडा.”

तेवढं मात्र आक्कानं ऐकलं.